क्लॅरेन्सची गिटार, टोनीचा हात

टोनी राइसची गिटार आधी दुसऱ्या कोणाची तरी होती. आणि तो दुसरा कोणी ऐरागैरा नव्हता, टोनीचा हिरो होता. ब्लूग्रास ऐकणाऱ्यांना ही गोष्ट पाठ असते, पण मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्लूग्रास म्हणजे १९४० च्या दशकात बिल मन्रो आणि त्याच्या बँडने घडवलेलं अमेरिकन संगीत. फिडल, मँडोलिन, बँजो, गिटार आणि डबल बास. ड्रम्स नाहीत, त्यामुळे ताल सगळ्यांनी मिळून सांभाळायचा. त्यात गिटारच्या वाट्याला आलं ठेका धरायचं काम. बँजो एवढ्या जोरात वाजतो की त्याच्यासमोर गिटारची सोलो ऐकू येणंच मुश्कील! हे चित्र १९६० च्या दशकात बदलायला लागलं. डॉक वॉटसनने फिडलच्या धुना पिकने गिटारवर वाजवून दाखवल्या. आणि कॅलिफोर्नियातल्या क्लॅरेन्स व्हाइट नावाच्या पोराने लयीशी खेळायला सुरुवात केली. जिथे सूर यायला हवा तिथे तो गप्प बसतो आणि दोन ठोक्यांच्या फटीतून अचानक उगवतो. त्याच्या केंटकी कर्नल्स बँडचा १९६४ चा 'ॲपलाचियन स्विंग!' ऐकताना आपण समेवर मान हलवावी आणि हा माणूस तिथे नसावा, असं बऱ्याचदा होतं.

टोनी जन्मला ८ जून १९५१ ला, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलमध्ये. क्लॅरेन्सचा वाढदिवस ७ जून, फक्त सात वर्षं आधीचा. टोनीचे वडील वेल्डर आणि हौशी वादक. कुटुंब लॉस एंजलिसला राहायला गेलं आणि तिथे नऊ-दहा वर्षांच्या टोनीने क्लॅरेन्सला प्रत्यक्ष ऐकलं. झालं! पोरगं कामातून गेलं.

क्लॅरेन्सच्या हातात तेव्हा १९३५ सालची मार्टिन डी-२८ असायची. त्याच्याकडे येण्याआधीच कोणीतरी तिचं गोल भोक कोरून मोठं केलेलं. इंजिनिअर मंडळींसाठी एक गंमत सांगतो. गिटारच्या पेटीतली हवा बाटलीत फुंकल्यावर घुमते तशी घुमते. भोक मोठं केलं की हा घुमण्याचा सूर वर सरकतो, खर्जाचा गुबगुबीतपणा कमी होतो आणि मधले सूर मोकळे होतात. म्हणजे बँजोच्या गोंगाटात तग धरणारी गिटार. ठरवून केलं होतं की नाही, देव जाणे.

पुढे क्लॅरेन्स इलेक्ट्रिक गिटारकडे वळला, १९६८ मध्ये 'द बर्ड्स'मध्ये गेला, आणि ही मार्टिन त्याच्या हातून गेली. जुलै १९७३ मध्ये एका कार्यक्रमानंतर सामान गाडीत भरत असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने त्याला उडवलं. वय २९. टोनी तोवर केंटकीत जे. डी. क्रोच्या बँडमध्ये नाव कमावत होता. १९७५ मध्ये त्याने ती गिटार शोधून काढली आणि ५५० डॉलरला घेतली.

आता विचार करा. हिरोची गिटार, हिरोच्या जाण्याचं दुःख, वय चोवीस. बहुतेकांनी उरलेलं आयुष्य हिरोसारखं वाजवण्यात घालवलं असतं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. टोनीने काय केलं? त्याच वर्षी क्रोचा बँड सोडला आणि मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमनबरोबर वाजवायला कॅलिफोर्निया गाठलं. तिथलं संगीत अर्धं जॅझ. त्यासाठी लागणारे कॉर्ड तो जॉन कार्लिनीकडून चक्क नव्याने शिकला. नाव झालेलं असताना परत विद्यार्थी व्हायचं... आपल्यातले किती जण तयार होतील? कोल्ट्रेन, माइल्स डेव्हिस हेही त्याच्या कानात शिरले आणि गायला त्याने गॉर्डन लाइटफूटची गाणी निवडली. १९७९ चा 'मँझनिटा' ऐका. बँजोच नाही! १९८३ चा 'चर्च स्ट्रीट ब्लूज' तर जवळजवळ नुसता गळा आणि गिटार. क्लॅरेन्स सुरांमध्ये लपंडाव खेळतो, टोनीचा एकेक सूर मात्र चाकूने कापल्यासारखा स्वच्छ. लाकूड तेच, माणूस वेगळा.

म्हणून मला वाटतं, प्रभाव म्हणजे नक्कल नव्हे, ती एक उसनवारी आहे. आणि ती मूळ मालकाला परत करता येत नाही, फक्त पुढच्याला देता येते. आज ब्लूग्रासमध्ये गिटार हातात घेणारं पोरगं टोनीपासून सुटू शकत नाही.

शेवट मात्र सोपा नव्हता. १९९४ मध्ये घशाच्या स्नायूंच्या विकाराने त्याचं गाणं थांबलं. पुढे त्याचं बोलणंही घोगरं झालं. तरी जवळपास दोन दशकं तो फक्त गिटारवर उभा राहिला. २०१३ मध्ये ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तेव्हा भाषणात काही क्षण त्याने आपला जुना, खरा आवाज काढून दाखवला. सभागृहातल्या लोकांना रडू आवरलं नाही. नंतर कोपर आणि सांध्यांच्या दुखण्याने हातही गेले. २५ डिसेंबर २०२० ला, ६९ व्या वर्षी, तो स्वतः गेला.

असो. आज रविवार आहे, वेळ असेल तर आधी 'ॲपलाचियन स्विंग!' लावा आणि लगेच 'चर्च स्ट्रीट ब्लूज'. हेडफोनवर. एकाकडून दुसऱ्याकडे काय आलं आणि काय मुद्दाम मागे ठेवलं गेलं, ते कोणी सांगायची गरज पडणार नाही.