रात्रीचा लिफ्टमन कोणाच्या मेन्टेनन्समध्ये?

वरळीत हल्ली घराबरोबर हॉटेलही विकतात. म्हणजे फ्लॅट तुमचाच, पण चादरी बदलायला माणूस येणार, गाडी खाली कोणीतरी लावणार, रात्री भूक लागली तर फोन करायचा, ताट दारात. फोर सीझन्सचं हॉटेल इथे २००८ पासून आहे, आता त्याच नावाने राहायची घरंही आहेत. असल्या जाहिरातींत समुद्र भरपूर असतो. कोळीवाडा दिसत नाही, आमच्या बीडीडी चाळी तर नाहीच नाही.

मंडळी, श्रीमंतांवर राग काढायला लिहीत नाहीये. ज्याला परवडतं त्याने घ्यावं. उलट त्या सोयींची यादी वाचताना मला आमची चाळच आठवते. १६० चौरस फुटांची खोली, संडास कॉमन, पण सेवा बघा. आई तापाने पडली तर शेजारच्या काकू चार दिवस डबा द्यायच्या. किल्ली कायम समोरच्या घरी. गॅसचा सिलिंडर, पोस्टमन, शाळेतून लवकर सुटलेलं पोर, सगळं पॅसेजमध्ये तांदूळ निवडत बसलेली आजी सांभाळायची. मोठ्या हॉटेलात याच कामाला गणवेशातला माणूस ठेवतात. (आजीपासून काही लपायचं नाही, हा त्यातला ताप. जाहिरातीत 'प्रायव्हसी' उगाच लिहीत नाहीत.)

आता चाळींच्या जागी चाळीस मजली टॉवर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांत आम्हीही होतो. घरात संडास आला याचं सुख काय असतं, ते रांगेत बादली घेऊन उभं राहिलेल्यालाच कळेल. पण पॅसेजमधली बैठक मोडली. दारं बंद झाली. आई एकविसाव्या मजल्यावर दिवसभर एकटी असते, आणि लिफ्ट बंद पडली की तिच्यासाठी जगच बंद.

तिला जे लागतं तेच त्या हॉटेलवाल्या टॉवरमधल्या आजींनाही लागतं. चालू लिफ्ट, औषध वर आणून देणारा, रात्री हाक मारली तर येणारा कोणीतरी. तिकडे या माणसाचा पगार मेन्टेनन्समध्येच धरलेला असतो. आमच्याकडे मेन्टेनन्सचा आकडा निघाला की अर्धी बैठक उठून जाते.

आणि तो माणूस राहतो कुठे? माझा भाचा अशाच एका टॉवरमध्ये हाउसकीपिंगला आहे. नालासोपाऱ्याहून येतो, जाऊन-येऊन तीन तास. त्याचे आजोबा वरळीतल्या गिरणीत होते, चालत कामाला जायचे. वरळीला माणसं हवीत, पण त्यांनी शिफ्ट संपली की लोकल पकडावी.

कोणी म्हणेल, नशीब म्हणून गप्प बसायचं. कोळीवाड्याने काय केलं ते बघा. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर जागा ठेवली होती. होड्या त्यातून सुखरूप निघणार नाहीत, १६० मीटर द्या, असं कोळी बांधवांनी सांगितलं. काम अडवलं, कागदावर भांडले. २०२२ च्या शेवटी १२० मीटर मान्य झालं. मागितले तेवढे नाही मिळाले, पण काढलेला नकाशा बदलावा लागला.

आपण तर अजून मागितलंच नाही. लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवायची यंत्रणा यांचा खर्च पुढे कोण उचलणार, हे आत्ताच लेखी घ्यायला हवं. पुनर्विकासात विक्रीच्या इमारतीही होणार आहेत. त्यांतल्या नोकऱ्यांत इथल्या पोरांना आधी घ्या, हेही आत्ताच म्हणायला हवं. दहा वर्षांनी बंद लिफ्टसमोर उभं राहून म्हणण्यात काय अर्थ?

रविवारी सोसायटीची बैठक आहे. विषयपत्रिकेत गणपतीची वर्गणी आहे, पार्किंगचं भांडण आहे. रात्रीचा लिफ्टमन नव्हता, तो मी लिहून दिलाय. अर्जावर सतरा सह्या झाल्यात, निम्म्या सत्तरी ओलांडलेल्यांच्या. सकाळी दहाला तळमजल्यावर या. वरून कोणाला उतरणं जमणार नसेल तर सांगा, कागद घेऊन आम्ही वर येतो.