सव्वा तासाचे विमान

पिपरी मेघे हे वर्धा शहराला लागून असलेले आमचे गाव. येथून नागपूरचा सोनेगाव विमानतळ सुमारे ७० किलोमीटर. पवनारला धाम नदी ओलांडायची, सेलू, केळझर मागे टाकायचे आणि बुटीबोरीच्या कारखान्यांवरून पुढे जायचे. कृषी खात्याच्या नोकरीत या रस्त्याने किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद नाही. पण मे महिन्यातील एक फेरी विसरता येत नाही.

शेजारचे काका पहाटे वारले. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत. पाच वाजता त्याला फोन केला. "विमानानेच निघतो," तो म्हणाला. अंगणातले एक म्हातारबा बोलले, "सव्वा तासाचं त विमान! आठ वाजेपर्यंत पोट्टा येते." सर्वांना ते पटले. नऊ वाजता अंत्ययात्रा काढायची ठरली.

मी कागद-पेन्सिल घेतली आणि बियाण्याचा हिशेब करतो तसा प्रवासाचा हिशेब मांडला. पुणे ते नागपूर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर, सडकेने सातशेच्या वर. जेट विमान आकाशात ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जाते. चढणे, उतरणे, धावपट्टीपर्यंत जाणे धरून तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. पण मुलाच्या घरापासून लोहगाव विमानतळ तासभर. तपासणीसाठी दोन तास आधी हजर राहायचे. नागपूरला उतरून बाहेर पडायला अर्धा तास. सोनेगाव ते पिपरी दीड तास. बेरीज साडेसहा तास! शिवाय विमान काही हात दाखवला की थांबत नाही. मुलाला जागा मिळाली ती साडेनऊच्या विमानात.

"एक वाजल्याशिवाय तो घरी पोहोचत नाही," मी सांगितले. त्यामुळे बरेच निभावले. ऊन कडक होते. वर्ध्याहून बर्फ आणला, नातेवाइकांना दुपारची वेळ कळवली, काकूंच्या पोटात घोटभर चहा गेला.

मी गाडी घेऊन निघालो. सोनेगावला वाट पाहताना जुनी गोष्ट आठवली. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने रात्री येथे एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत जात. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हा मान. पण विमानाने आलेले पत्रही खेड्यात शेवटी पोस्टमनच्या पायांनीच घरी पोहोचे.

अकरा वाजून गेल्यावर मुलगा बाहेर आला. हातात एकच पिशवी. "काका, थांबलेत ना सगळे?" त्याने विचारले.

"एकची वेळ सांगितली आहे. कोणी घाई करणार नाही."

तेव्हा कुठे त्याला रडू फुटले. एकला दहा मिनिटे कमी असताना आम्ही दारात होतो.

ज्यांची मुले दूर गावी आहेत त्यांनी हा हिशेब आधीच मांडून ठेवावा. विमान कोणत्या वेळी सुटते, विमानतळावर घ्यायला कोण जाईल, गाडी कोणाची, हे लिहून कागद घरात ठेवावा. तिकिटावरचा वेळ विमानाचा असतो; माणसाचा वेळ उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजावा.