किल्ल्यातील चिमण्या

उन्हाळ्याच्या आरंभी शाळेच्या ओसरीवर किंवा घराच्या पडवीत एक दृश्य पुष्कळदा दिसते. आढ्याजवळच्या घरट्यातून चिमणीचे पिल्लू खाली आलेले असते. त्याला पंख फुटलेले असतात, पण उडता येत नाही. भिंतीच्या कडेला अंग फुलवून ते डोळे मिटून बसते. पाहता पाहता मुले गोळा होतात. कोणी वाटीत पाणी आणतो, कोणी कापूस आणतो, तर कोणी जुने खोके शोधून काढतो. प्रत्येकाच्या मनात दया असते. परंतु एवढ्याशा जिवाला खरे साहाय्य कोणते, हे कोणालाच उमगत नाही.

हाच प्रश्न सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी एका थोर पुरुषासमोर उभा राहिला होता. ती जागा मात्र शाळेची ओसरी नव्हती, तर अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यातील बंदिशाळेची खोली होती.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. येथील वर्तुळाकार किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे. चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली ती ह्याच तटांच्या आश्रयाने. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सरकारने राष्ट्रीय सभेच्या पुढाऱ्यांना पकडून ह्या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी थोर मंडळी तेथे होती. राष्ट्रीय सभेचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद हेही त्यांच्यात होते. त्यांचा मुक्काम तेथे सुमारे पावणेतीन वर्षे पडला.

मौलाना अरबी, फारसी व उर्दू ह्या भाषांचे गाढे पंडित होते. पहाटे सारे निजलेले असता ते उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि एका दूरच्या मित्राला पत्रे लिहीत. ही पत्रे टपालात पडणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी लिहिणे सोडले नाही. पुढे १९४६ मध्ये ‘गुबारे खातिर’ ह्या नावाने ती प्रसिद्ध झाली. त्यांत तत्त्वज्ञान आहे, इतिहास आहे, संगीत आहे. आणि मार्च १९४३ मध्ये लिहिलेली चिमण्यांची एक कहाणीही आहे.

मौलानांच्या खोलीचे छत जुने होते. त्यात चिमण्यांनी पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाडे थाटलेली होती. दिवसभर चिवचिवाट चाले आणि काड्याकचऱ्याचा वर्षाव होई. मौलाना तर नीटनेटकेपणाचे मोठे भोक्ते. त्यांनी चिमण्यांविरुद्ध युद्ध पुकारले. आरंभी हाती छत्री घेतली. तिने भागेना, तेव्हा लांब बांबू उचलला. चिमण्या पळाल्या आणि विजय झाला असे वाटले. पण थोड्याच वेळात छतातून पुन्हा चिवचिव ऐकू आली. असे अनेकदा घडले. ज्या पुरुषाने बलाढ्य साम्राज्यापुढे मान तुकवली नाही, त्याने अखेर मूठभर चिमण्यांपुढे हार पत्करली.

हार पत्करल्यावर त्यांनी तहाची बोलणी सुरू केली. जमिनीवर तांदळाचे दाणे ठेवून ते जवळच निश्चल बसून राहत. पाहुण्यांकडे आपले लक्षच नाही, असा भाव ते चेहऱ्यावर आणीत. पहिल्या दिवशी चिमण्या दुरूनच माना वाकड्या करून पाहू लागल्या. मग एक धीट चिमणी पुढे आली. तिच्यामागून दुसरी आली. दिवसागणिक दाणे थोडे थोडे जवळ येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर चिमण्याही. शेवटी मौलानांच्या अगदी निकट येऊन त्या निर्भयपणे दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावेही दिली. कोणी कलंदर झाला, कोणी मुल्ला, कोणी मोती. ह्या मैत्रीसाठी त्यांनी ना पिंजरा आणला, ना जाळे. दार उघडे होते. यावे की न यावे, हे चिमण्यांनी ठरवायचे होते.

एके दिवशी घरट्यातले पिल्लू खाली आले. त्याचे पंख पुरे वाढलेले होते, तरी ते उडेना. आई पुन्हा पुन्हा येई, त्याला भरवी, त्याच्यासमोर उडून दाखवी. पिल्लू मात्र डोळे मिटून मरगळून पडे. पाहणाऱ्याला वाटावे की, आता हे जगत नाही. आणि मग अकस्मात त्या पिल्लाने अंग ताणले, मान वर केली, पंख पसरले आणि ते उडाले! ते पाहून मौलाना विचारात पडले. काल जे पंख होते, तेच आज होते. त्यांत बळही होते. नव्हती ती केवळ त्या बळाची जाणीव. ती जागी होताच पिल्लाला आकाश मोकळे झाले.

पिल्लू आकाशात गेले. ते पाहणारा मात्र तटांच्या आतच राहिला. ही कहाणी लिहिल्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ एप्रिल १९४३ रोजी, मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास निवर्तल्या. त्या अत्यवस्थ असल्याचे किल्ल्यात कळले होते. परंतु सरकारकडे याचना करणे मौलानांना मान्य नव्हते. अखेरची भेट झाली नाही. स्वातंत्र्याचे मोल ज्याने असे चुकते केले, त्याने पाखराला पिंजऱ्यात घातले नाही, ह्यात नवल ते काय?

आज नागपूर, पुणे अशा शहरांत जखमी पशुपक्ष्यांसाठी उपचार केंद्रे निघाली आहेत. संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांजाने पंख कापलेली घुबडे, घारी, बगळे तेथे येतात. अशा मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी तो अजून झाडांवर लटकताना दिसतो. जखमी पक्ष्याला हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात व शांततेत ठेवून त्वरित जाणत्यांकडे न्यावे, असे ह्या केंद्रांतील मंडळी सांगतात. त्याच्या चोचीत पाणी ओतू नये; कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी फुप्फुसात जाऊन पक्षी दगावतो. जखम भरली, की पक्ष्याला मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव देतात आणि मग मोकळे सोडतात. रानपाखराला माणसाचा लळा लागू नये, म्हणून ते विशेष जपतात. चिमणी पिढ्यान् पिढ्या माणसाच्या घराची वाटेकरीण आहे. घार किंवा घुबड यांचे तसे नाही. ज्याची शुश्रूषा केली, तो पाठ फिरवून उडून जावा, हेच ह्या सेवेचे यश होय.

पंख फुटलेले, धडधाकट पिल्लू मात्र पुष्कळदा आजारीही नसते आणि पोरकेही नसते. चिमणीचे पिल्लू साधारण पंधरा दिवसांचे झाले, की घरटे सोडते. तेव्हा त्याचे उड्डाण कच्चे असते. आईबाप जवळच असतात आणि चोचीत किडे घेऊन माणसे दूर होण्याची वाट पाहत असतात. म्हणून कुत्र्यामांजरापासून त्याला जपावे, झुडपाच्या किंवा उंचवट्याच्या आडोशाला ठेवावे आणि आपण दूर व्हावे. अंगावर पिसे नसलेले पिल्लू पडले असेल, तर ते अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकते, हा समज खरा नव्हे.

ओसरीवर जमलेल्या मुलांना एवढे कळले, तर पाण्याची वाटी, कापूस आणि खोके बाजूला राहील. मुले चार पावले मागे सरतील आणि खांबाआड उभी राहून पाहतील. थोड्या वेळाने पन्हाळीवरून चिमणी खाली येईल, पिल्लाच्या चोचीत घास देईल आणि पुन्हा वर जाऊन त्याला हाक मारील. मग कधीतरी ते पिल्लूही मान वर करील. दया म्हणजे जवळ घेणेच नव्हे. कधी कधी दूर उभे राहून वाट पाहणे हीही दयाच असते.