प्रभातची पाटी

यवतमाळ

चि. ओंकार,

बाबाच्या अल्बममधला तू पाठवलेला फोटो पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या टाकीजसमोरचा आहे. पाटी ‘प्रभात’ची आणि नकाशावर ‘किबे लक्ष्मी’, म्हणून तुला जागा चुकली असं वाटलं. जागा तीच आहे.

इंदूरच्या सरदार किब्यांनी 1934 साली हे थिएटर बांधलं, तेव्हाचं नाव ‘किबे लक्ष्मी’च. आदल्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली होती. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी 1929 साली काढलेली ही कंपनी. तिने थिएटर चालवायला घेतलं आणि ते ‘प्रभात’ झालं.

पुढे 1942 मध्ये शांतारामबापू बाहेर पडले, 1945 मध्ये दामले गेले, 1953 मध्ये कंपनीच बंद पडली. स्टुडिओच्या आवारात नंतर फिल्म इन्स्टिट्यूट आली. थिएटर मात्र दामल्यांच्या घरच्यांनी चालवत ठेवलं. ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या कंपनीचं नाव आणखी साठ वर्षं त्या दारावर राहिलं, ते त्यांच्यामुळे.

आम्हा भावंडांना या टाकीजचं अप्रूप का होतं, ते तुला तिकडे बसून कळणं अवघड. यवतमाळला मराठी पिक्चर उशिरा यायचा आणि मोठा हिंदी आला की उतरायचा. ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीने मूर्तिजापूर गाठून, तिथून मोठ्या गाडीने पुण्याला शिकायला गेलो, तर तिथे मराठी पिक्चरला हक्काचं घर! 1991 चा ‘माहेरची साडी’ तिथे महिनोन्महिने चालला. निर्मात्यांना तारखांसाठी हिंदीवाल्यांच्या मागे फिरावं लागत असताना एका थिएटरने मराठीला असं धरून ठेवणं ही फार मोठी गोष्ट होती, असं मी आजही मानते.

2014 च्या अखेरीस करार संपला, दामल्यांनी वास्तू किब्यांना परत दिली आणि जुनं नाव पुन्हा लागलं. ‘प्रभात’ गेलं म्हणून पुणेकर हळहळले, मलाही वाईट वाटलं. पण ज्याची वास्तू त्याला ती मिळाली, यात गैर काही नाही. पाडून दुकानं झाली नाहीत, याचाच मला आनंद जास्त आहे.

डिसेंबरात येशील तेव्हा मुंबईहून थेट इकडे येऊ नकोस, एक दिवस पुण्यात थांब. मराठी पिक्चर लागला असेल तर बघून ये. रिक्षावाल्याला ‘प्रभात’ सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आत्या