लाभार्थी

मगनवाडी हा आमचा महाविद्यालयात जाण्याचा रोजचा रस्ता. जमनालाल बजाजांनी दिलेल्या ह्या जागेत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालले. १९३८च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. कारागिराचे अवजार सुधारावे, कच्चा माल गावात मिळावा, पक्का माल जवळच खपावा, ही जे. सी. कुमारप्पांच्या विचाराची दिशा. (हे आम्ही वाचून सांगतो, स्वतः विटीदांडूसुद्धा कधी घडवलेला नाही.)

२० सप्टेंबर २०२४ रोजी ह्याच वर्ध्यात पीएम विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा सोहळा झाला. अठरा व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज. नीट पाहिले तर ह्यात दानधर्म थोडाच. व्याजाचा काही भार सरकार उचलते, मुद्दल कारागिरानेच फेडायचे.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील कुंभार. ग्रामपंचायतीची पडताळणी झाली, पण बँकेचे हेलपाटे संपेनात, तेव्हा ते विनंतीअर्ज लिहून घ्यायला मुलासह आमच्याकडे आले. आम्ही सराईतपणे आरंभ केला, 'मी सदर योजनेचा लाभार्थी असून...' त्यांनी थांबवले.

"लाभार्थी कायचा, सर? पैसे फेडीन ना मी. कुंभार लिवा."

शब्दांच्या छटा शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली, आणि हा शब्द आम्हांला एकदाही खुपला नव्हता. 'उद्योजक' सुचवला तर काकाच हसले. अखेर 'व्यवसायाने कुंभार' असे लिहिले. बँकेने अर्ज परत केला. नमुन्यात 'लाभार्थी' हाच शब्द हवा होता. आम्ही निमूटपणे तो पुन्हा लिहिला. ह्या निमूटपणाची लाज अजून वाटते.

कर्ज तीन महिन्यांनी मिळाले. विजेवरचे चाक आले. खांदा दुखायचा थांबला, हप्तेही वेळेवर जातात; अडचण आता मातीची आहे. तळ्यातली माती पूर्वीसारखी सहज उचलता येत नाही, आणि त्यासाठी कर्ज मिळून उपयोग नाही.

मुलगा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मडक्यांच्या मागण्या फोनवर तोच घेतो, चाकावर मात्र बसत नाही. परवा काकांनी विचारले, "नेट-सेट झाली म्हंजे पोराले तुमच्यासारखी नोकरी लागंल ना?"

आमच्या विभागात पाचांपैकी तिघे तासिका तत्त्वावर शिकवतात. आम्ही त्यांना ते सांगितले. काका काही बोलले नाहीत. चाक सुरू करून मुलाला माती भिजवायला सांगितली.