अक्षरांची वाट

बेंगळूरच्या उत्तरेस, हेब्बाळच्या तळ्याजवळ मुलीकडे राहावयास आलेल्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांनी कोल्हापूरहून फारसे काही आणले नव्हते. आणला होता तो एक जुना संगणक. २००१ साली आलेली विंडोज एक्सपी त्यावर अद्याप चालते. निर्मात्यांनी तिची देखभाल २०१४ सालीच थांबविली. त्यात त्यांच्या दिवंगत पत्नीने खेडोपाडी हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले. तरी मराठीचे टंकन पुढे कैक वर्षे ज्याच्या त्याच्या निराळ्या फाँटवर चालले. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले हे फाँट. फाँट नसलेल्या यंत्रावर ओवीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. "आजोबा, ही कुठली भाषा?" असे नातीने विचारले, तेव्हा त्यांना उत्तर सुचले नाही. त्या फायली उघडणारा प्रोग्रॅम मागच्या खोबणीत खोचलेल्या कुलपाखेरीज चालत नाही, आणि नव्या संगणकांना तशी खोबण नसते. तेव्हा छापावयाचे ते याच यंत्रावरून.

घरातला प्रिंटर मुलीच्या संगणकामार्फत चाले. पण जुने यंत्र ज्या रीतीने दार ठोठावी, ती रीत नव्या विंडोजने २०१७ सालापासून मुळातच बंद ठेवली आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय त्याच वाटेने जगभर पसरला होता. दार लावणाऱ्यांचे चुकले नव्हते. बाहेर राहिल्या त्या ओव्या.

अखेर तार थेट घरच्या जाळ्याला जोडून, प्रिंटरचा पत्ता हाताने भरून, एका जुन्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर काम भागले. पहिले पान आले ते पुन्हा रोमन! प्रिंटर आपल्याच पोटातला फाँट वापरीत होता. अक्षरे चित्ररूपाने पाठविण्याची खूण केल्यावर देवनागरी उमटली. यात तीन दिवस गेले.

याच हेब्बाळात २०१८ साली उजेडात आलेला कित्तय्याचा कन्नड शिलालेख इ. स. ७५०च्या सुमाराचा आहे. जाणकार तो आजही वाचतात. दगड आणि डोळा यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही.

छापलेल्या पानावर एका ओवीत 'माहेर'चा काना राहिला होता. प्राध्यापकांनी सवयीने पेन्सिल उचलली. मग ध्यानात आले, ही चूक तिच्या बोटांची. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी पुढचे पान छापावयास दिले.