बोरच्या वनात ज्येष्ठांसह

नाचणगावाहून बोर अभयारण्याकडे निघाले की पुलगाव, वर्धा, सेलू ही ओळखीची गावे मागे पडतात. हिंगणीनंतर कपाशी-तुरीची शेते सरतात आणि साग सुरू होतो. १९७० साली अभयारण्य झालेल्या या वनाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे व्याघ्र प्रकल्पांत अगदी लहान. पण साग, तेंदू, मोहा, बांबू, मध्येच मोकळे गवताळ पट्टे आणि बोर नदीवरील धरणाचे विस्तीर्ण पाणी, एवढे सारे एका सकाळीत पाहता येते.

मार्गशीर्षात गवत पिवळे पडल्यावर आम्ही गेलो, तेव्हा सोबत ऐंशीच्या घरातील एक परिचित आजोबा होते. लहानपणी गुरे राखलेली. वाहन थांबताच चितळाचा इशारा आधी त्यांनीच ओळखला. वाघ दिसला नाही, आणि त्याचे त्यांना काहीच वाटले नाही.

वर्ध्यात चहाला थांबलो असता मात्र कळले की, वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून त्यांनी सकाळपासून पाणी घेतले नव्हते आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळीही टाळली होती. संकोचापोटी असे करणारे ज्येष्ठ मला दवाखान्यात नित्य भेटतात. पाणी तोडल्याने भोवळ येते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावे. हृदयविकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिले असल्यास तेच पाळावे. आत वाहनातून उतरू देत नाहीत, म्हणून प्रवेशद्वाराशीच स्वच्छतागृह गाठावे. सुनेने वा मुलाने स्वतःहून गाडी थांबवली, तर वडीलधाऱ्यांना मागावे लागत नाही.

हाडे ठिसूळ झालेल्यांना वाहनाच्या मागच्या टोकाला कधीही बसवू नये. एका दचक्यानेही मणका दबू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न्याहारी समोर आल्याखेरीज सुई टोचू नये. पहाटेच्या फेरीत खाणे हमखास लांबते.

धरणाकाठी गवतात बसायचे तर सतरंजी, पूर्ण बाह्या आणि बंद पादत्राणे हवीत. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळतात. गवतातील सूक्ष्म कीटकाच्या चाव्याने तो होतो. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला, तर अंगावर, विशेषतः काखेत व जांघेत, काळी खपली आहे का ते पाहावे आणि रानात जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.